हिशेबाच्या वहीत न सापडलेला दिवस



यंदा दिवाळीच्या आधी लातूरच्या जुन्या घरी गेले होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर तिच्यात माझ्या घरखर्चाच्या वह्या निघाल्या. नांदेडला राहायला येईपर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या, दोरीनं बांधून ठेवलेल्या. बी.कॉम. झालेल्या सुनेनं घरात आल्या आल्या पहिलं काय केलं असेल, तर खर्चाची वही घातली. सासूबाई हसायच्या, पण महिनाअखेरीला वही मागून घ्यायच्या.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, शेजारी पलंगावर बसल्या होत्या. वही चाळता चाळता १९९३ साल हाती आलं आणि मी आपसूक ३० सप्टेंबरचं पान शोधलं. लातूरच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावात गणपती विसर्जन, आणि आपल्याकडे दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. लोक रात्री उशिरा दमून झोपले होते. किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. सुमारे १० हजार माणसं गेली असं आपण सगळेच म्हणतो. त्यातल्या आईबाप गेलेल्या मुलांपैकी १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल.

माझ्या वहीत त्या दिवशी काय आहे? "दि. ३०, गुरुवार. दूध २ लिटर. मेणबत्ती २ पुडे. ताडपत्री १, रु. १८०. पुऱ्यांसाठी कणीक १० किलो, तेल ५ किलो (मदत)." बेरीज बरोबर आहे. खाली नेहमीसारखी दोन रेघा मारल्यात. एवढंच.

मी आक्कांना म्हटलं, "आठवतं का, त्या रात्री आपण सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपलो होतो आणि मी तुमच्याशी आपणहून बोलले? दोन वर्षांनी?"

आक्का म्हणाल्या, "तू कुठं बोललीस? मी बोलले."

झालं! सासूबाईंच्या पाटल्यांवरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. एक वाडा, दोन चुली. ते बोलणं त्या भूकंपाच्या आसपास पुन्हा सुरू झालं, यावर दोघींचं एकमत आहे. पण पहिला शब्द कोणाचा, यावर आम्ही पलंगावर बसून तासभर भांडलो. दोघींचीही साठी उलटलेली. पुरावा कुठंच नाही. वहीत ताडपत्री आहे, तिच्याखाली काय बोलणं झालं ते नाही.

नांदेडला परत आले ती हेच डोक्यात घेऊन. आपण व्यापारी घरातल्या बायका. पै-पैची नोंद ठेवतो, मग स्वतःची एकही का ठेवत नाही? हल्ली मुलीबाळी सुंदर वह्या घेतात, रंगीत पेनं घेतात, त्यात चित्रं चिकटवतात, मनातलं लिहितात. माझी नातही लिहिते. मला वाटायचं, हे बाहेरून आलेलं फॅड आहे. थोडं वाचलं, जुनं धुंडाळलं, तेव्हा कळलं की तसं मुळीच नाही.

रोजनिशी हा आपला शब्दच आधी दप्तरातला. "पेशव्यांची रोजनिशी" नावाचे खंड आहेत. गणेश चिमणाजी वाडांनी दप्तरातून निवडून काढलेले. नाव ऐकून वाटतं की पेशव्यांच्या मनातलं काही वाचायला मिळेल. तर आत वतनं, इनामं, दंड, नेमणुका, कोणाला किती दिले आणि कोणाकडून किती आले. म्हणजे माझ्याच वहीची थोरली बहीण! रोजकीर्द, खतावणी, रोजमेळ हे शब्द आमच्या वाड्यात रोज कानावर पडायचे आणि त्या सगळ्यांचा अर्थ एकच, दिवस संपायच्या आत लिहा.

आमच्या आजेसासऱ्यांच्या वह्याही त्याच पेटीखाली आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. पानाला छापील रेघा नाहीत, घड्या घालून रकाने पाडलेले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. (कॉलेजात इंग्रजी पद्धतीचं बुककीपिंग शिकताना नावे डावीकडे गेलं, तेव्हा माझी फार तारांबळ उडाली होती.) अक्षर मोडी. ती निजामाच्या राज्यातली वही, म्हणून रकमेपुढे हाली की कलदार ते लिहिलेलं. ७ हाली रुपये म्हणजे साधारण ६ कलदार. सासरे मोडी वाचायचे. ते गेल्यावर घरात वाचणारं कोणी उरलं नाही. सासूबाई सांगायच्या की रझाकारांच्या वेळी घरातली बायकामुलं बार्शीकडे हलवली होती. त्या काळातली काही पानं एकदम कोरी आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर पुन्हा मोडीत रकमा सुरू. घरावर आलेल्या सगळ्यांत मोठ्या संकटाची आमच्याकडची लेखी नोंद म्हणजे ती कोरी पानं.

आता दुसरी बाजू. हिशेब फक्त पैशाचाच ठेवायचा, असं आपल्या धर्मानं कधीच सांगितलं नाही. प्रतिक्रमणाचे प्रकार आठवा. दिवसाचं दैवसिक, रात्रीचं रात्रिक, पंधरवड्याचं पाक्षिक, चार महिन्यांचं चातुर्मासिक, वर्षाचं सांवत्सरिक. "मूलाचारा"त आणखी दोन सांगितलेत, जाण्यायेण्यात झालेल्या दोषांचं ऐर्यापथिक आणि आयुष्याच्या शेवटचं उत्तमार्थ. वाणिज्य शाखेच्या मुलीला हे पाहून दुसरं काय आठवणार? रोजची कीर्द, पंधरवड्याचा मेळ, वर्षाचा ताळेबंद आणि अखेरीला खातं बंद. कित्येक वर्षं मी आलोचना पाठ म्हणते. शब्द पाठ आहेत, तोंडातून निघून जातात. "माझ्या हातून दोष घडले" असं ठोक म्हणायला काही लागत नाही. कुठला दोष, कोणत्या दिवशी, कोणाच्या बाबतीत, हे म्हणताना घशाशी येतं.

ते लिहून दाखवणारा एक माणूस आपल्यात होऊन गेला. बनारसीदास. "समयसार नाटक" लिहिणारे तेच. स्वाध्यायाला बसणाऱ्या मैत्रिणींना हे नाव नवं नाही. पण त्यांच्या "अर्धकथानक" या पुस्तकाविषयी आपल्या मंदिरात फारसं कोणी बोलत नाही, आणि ते का बोलत नाहीत ते वाचल्यावर कळतं.

बनारसीदासांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूरचा. श्रीमाळ जैन, घरचा व्यापार जवाहिराचा. वडील खरगसेन. १६४१ मध्ये आग्र्याला वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांनी आपलं आयुष्य ब्रज बोलीत दोहे-चौपायांत लिहिलं, ६७५ कडवी. माणसाचं पूर्ण आयुष्य ११० वर्षांचं धरायचं, मग ५५ म्हणजे अर्धं, म्हणून "अर्धकथानक". भारतीय भाषेतलं हे पहिलं आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याचा मान ठेवतात. मुंबईच्या नाथूराम प्रेमींनी ते संपादून छापलं, म्हणून आपल्यासारख्यांना सहज वाचायला मिळालं. हिंदी येणारीला थोड्या सवयीनं कळतं.

राजा नाही, मंत्री नाही, साधू नाही. एक साधा व्यापारी, तोही व्यापारात सारखा बुडणारा. तरुणपणी पुस्तकांच्या आणि प्रेमाच्या नादी लागला, मोठ्या रोगानं आजारी पडला, तेही लिहिलंय. एका संन्याशानं सांगितलं, हा मंत्र वर्षभर गुपचूप जप, मग रोज दारात एक दिनार पडलेला सापडेल. यांनी जपला! वर्ष झालं, सकाळी दार उघडून पाहिलं, दिनार नाही. १६०५ मध्ये अकबर बादशहा वारल्याची बातमी आली तेव्हा हे जिन्याच्या पायरीवर बसले होते. ऐकून भोवळ आली, खाली पडले, डोकं फुटलं, आईनं जखम बांधली. इतिहासाच्या पुस्तकात अकबराच्या मृत्यूचं साल मिळतं. त्या बातमीनं दूरच्या गावातल्या एका पोराचं डोकं कसं फुटलं, ते फक्त इथं मिळतं.

पुढं त्यांनी स्वतः रचलेलं हजार कडव्यांचं शृंगाराचं काव्य मित्रांसमोर गोमती नदीत फेकून दिलं. आग्र्यात धंदा बुडाला तेव्हा महिनोन् महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खाल्लं. संध्याकाळी लोक जमायचे, हे त्यांना गोष्टींची पुस्तकं गाऊन दाखवायचे आणि कचोरीवालाही ऐकायचा. पैसे मिळाले तेव्हा त्याची उधारी फेडली. मला तो कचोरीवाला फार आवडतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदारानं उधारी लिहून ठेवली असेल नसेल, उधारी खाणाऱ्यानं मात्र लिहून ठेवली.

आणि मंदिरात न बोललं जाणारं ते पुढं येतं. अध्यात्माची पुस्तकं वाचून डोक्यात हवा गेली. आत्माच खरा, मग पूजापाठ कशाला, असं म्हणत मित्रांबरोबर क्रियांची टिंगल केली. देवापुढं ठेवलेला नैवेद्य खाल्ला. चौघं मित्र खोलीत कपडे काढून आपण मुनी झाल्याची नक्कल करायचे. हे सगळं त्यांनी स्वतःच, कोणी न विचारता लिहिलं. तीन लग्नं झाली, नऊ मुलं झाली आणि नऊही गेली. हे लिहिताना आकांत नाही, आकडा आहे. व्यापारी माणूस आकड्यात रडतो, हे आमच्या घरात मी पाहिलेलं आहे, त्यामुळे ते पान मला फार वेळ उलटता आलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष वेगवेगळे मांडलेत. आपल्या भाषेत जमा आणि नावे. गुणांत क्षमाशील, समाधानी, काव्य चांगलं म्हणतो वगैरे. दोषांत लोभ आहे, खोटं बोलतो, जपतप कमी, कारण नसताना एकदम भीती वाटते, आणि एकटा असलो की नाचायला लागतो. नाचणं दोषांत का घातलं कोण जाणे. माझ्या वहीत मी ते जमेला धरलं असतं.

५५ वर्षं म्हणजे अर्धं आयुष्य असं लिहिलं आणि त्यानंतर दोन-एक वर्षांतच ते गेले. उरलेलं अर्धं लिहायला वेळच मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, हा पुरुष. बायकांचं काय? आपल्या पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते, त्यात लिहवून घेणाऱ्यांची नावं येतात. व्रताच्या उद्यापनाला शास्त्र लिहवून दान देणाऱ्या बायका पुष्कळ. लातूरला तर बलात्कार गणाच्या भट्टारकांची शाखाच होती, पोथ्यांचं गावच म्हणा. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आपल्याच बाजूला, दहाव्या शतकात अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिनं १००० प्रती हातानं लिहवून वाटल्या असं सांगतात. छापखाना नसताना हजार प्रती! तिच्या दानाचं कौतुक कवीनं केलं, शिलालेखात कोरलं गेलं. पण हजार प्रती लिहवून घेणाऱ्या त्या बाईचा स्वतःविषयीचा शब्द आपल्याला मिळत नाही.

तो मिळतो बहिणाबाईंचा. खान्देशातल्या नव्हे, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई. ती आपली मराठवाड्याची लेक. जन्म १६२८, वेरूळजवळच्या देवगावचा, समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला. अर्धकथानक लिहिलं गेलं तेव्हा ती आग्र्यापासून कितीतरी लांब तेरा वर्षांची पोर होती. वयानं कितीतरी मोठ्या बिजवराशी लहानपणीच लग्न, कर्जापायी गाव सोडून वणवण, कोल्हापूरला एका वासराचा लागलेला लळा आणि ते गेल्याचं दुःख, तुकोबांचा ध्यास, आणि त्यावरून नवऱ्याचा मार. हे सगळं तिनं आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगितलंय. ज्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या काळी तिनं मार खाल्ल्याचं सांगितलं. पुढं तो नवरा बदलला, तेही सांगितलं. मराठीतलं पहिलं आत्मकथन म्हणून त्याचं नाव घेतात. नंतरच्या रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणी तुम्ही वाचल्याच असतील, त्यांच्यावर मी वेगळं लिहीन.

एक उदाहरण मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते थेट दुकानातलं आहे. श्रीमद् राजचंद्र, जन्म १८६७, मुंबईत हिरेमोत्यांचा व्यापार. १८९१ मध्ये गांधीजी विलायतेहून परतले आणि त्यांची भेट झाली. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की राजचंद्रांच्या गादीवर धर्माचं एखादं पुस्तक आणि रोजनिशी नेहमी असायची. लाखाचा सौदा झाला, गिऱ्हाईक उठलं, की लगेच ती वही उघडायची. १९०१ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या हातनोंदी आता छापलेल्या मिळतात. एकाच गादीवर दोन वह्या. आमच्या दुकानाच्या गादीवर मी एकच पाहिली.

तर मी पण घातली. २०० पानी साधी वही, नातीनं दिलेली फुलांची नको म्हटलं, त्या कागदावर हात अवघडतो. रात्रीचं सामायिक झालं की दहा मिनिटं. पहिला आठवडा काय लिहिलं सांगू? "आज मेथी १० रुपये जुडी." हात दुसरं काही लिहायलाच तयार नाही! मग बनारसीदासांसारखं पान मधोमध दुमडलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला दिवसभरात मिळालेलं काहीतरी, अगदी गोदावरीच्या घाटावर दिसलेला खंड्या पक्षीसुद्धा. नावेला माझ्या हातून राहिलेलं, चुकलेलं. अट एकच, ठोक लिहायचं नाही. "राग आला" असं नाही. कोणावर, किती वाजता, कशावरून. नातीचं पाहून मी अधूनमधून चित्रही काढते. माझा खंड्या कावळ्यासारखा दिसतो, पण निळा रंग दिल्यावर चालून जातं.

तीन आठवड्यांनी मी ठरवलं की १९९३ चं राहिलेलं पान आता लिहायचं. अंगण, ताडपत्री, पाऊस, मुलांना पोटाशी धरून बसलेलो आम्ही, दर थोड्या वेळानं जमिनीचं हलणं. आणि मी आक्कांना म्हटलेलं पहिलं वाक्य. ते वाक्य लिहायला घेतलं आणि आठवेना. मी बोलले एवढं पक्कं माहीत, पण काय बोलले? माझ्याकडे वाक्यच नव्हतं. आक्कांचं मात्र आठवलं. "सरक इकडं, पोराला पाणी लागायलंय." ते त्यांचं होतं.

ते नावेला लिहिलं. आणि लिहिता लिहिता त्याच्या मागचं आणखी एक वर आलं, जे मी आजवर यांनाही सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या क्षमावाणीला, मी मंदिरात साऱ्या गावाला हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणून आले होते, एक आक्का सोडून. दुपारी आक्का माझ्या दारापर्यंत आल्या. कडी वाजली. मी मुलाकरवी निरोप दिला, आई सामायिकाला बसलीय. त्या परत गेल्या. मी सामायिकाला बसले नव्हते. क्षमा मागायला आलेल्या माणसाला मी धर्माची ढाल पुढं करून परत पाठवलं, तेही पोराच्या तोंडून खोटं बोलवून. एकतीस-बत्तीस वर्षं आलोचना पाठ म्हटला, त्यात हे एकदाही आलं नव्हतं.

पुढच्या अमावास्येला लातूरला गेले तेव्हा वही बरोबर नेली. आक्कांना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. आवाज कापत होता. १९९२ चं पान संपलं तरी त्या शेंगा निवडतच होत्या.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "सामायिकाला बसलेल्या बाईच्या घरातून फोडणीचा वास येतो का गं?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"मग तवाच का नाही बोललात?"

"बोलणंच बंद होतं की आपलं."

मग त्यांनी हात पुढं केला. "आण ती वही. काय काय लिहायलीस बघू." चष्मा पुसला, वही डोळ्यांजवळ धरली, पेन मागितलं आणि १९९३ च्या पानाखाली मोठ्या थरथरत्या अक्षरात एक ओळ लिहिली. "ताडपत्री आमची होती."

जुन्या वहीत ताडपत्रीचे १८० रुपये माझ्या अक्षरात आहेत. ती वही समोरच पेटीत होती. मी पेटी उघडली नाही.